पुढच्याची गाडी

१८ फेब्रुवारी १९९९
पाचव्या आयोगाचा फरक खात्यावर पडला. स्टाफरूममध्ये सकाळपासून दुसरा विषय नाही. कोण प्लॉट घेणार, कोण मुलीचं लग्न उरकणार. मी म्हणालो, गाडी घेतो. सगळे हसले. सायकलवर शाळेत येणारा गणिताचा मास्तर, आणि म्हणे गाडी. हसा लेको.

गाडी कमलसाठी. तिचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही, दोन वर्षं होतील. एस.टी.ची पायरी चढवत नाही. काळीपिवळीत चौदा माणसं, त्यात पाय सरळ ठेवायला जागा कोण देतो. तिचं माहेर पुसेगावच्या पुढं, तांड्यावर. तिथं याडी, म्हणजे तिची आई, डोळ्यांनी अधू. तिच्यानं इकडं येणं होत नाही आणि हिच्यानं तिकडं जाणं होत नाही. दोन वर्षांत मायलेकींची भेट नाही.

कमल पडली ती माझ्या स्कूटरवरून, जी मी नंतर विकली. चालवत मी होतो. हे कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे होतं. आज लिहिलं.

२१ फेब्रुवारी
क.ला विचारलं, कसली घ्यायची? म्हणाली, "मला काय कळते त्यातलं. पाय लांब करून बसता आलं म्हंजे झालं."

बँकेसमोर एक व्हॅन उभी होती, सरकत्या दाराची. मालक ओळखीचा निघाला. क.ला रिक्षातून नेऊन तिच्यात बसवून पाहिलं. दार पूर्ण उघडतं, सीट उंच, पुढं पाय ठेवायला मोकळी जागा. मी हात द्यायला पुढं झालो, तोवर ही आत. "अहो, बसले की मी!" दवाखान्यातून आल्यापासून तिचा असा आवाज ऐकला नव्हता. उतरायलाच तयार नाही. मालक बिचारा किल्ली हातात घेऊन ताटकळला.

व्हॅन ठरली.

२७ फेब्रुवारी
बशीरभाईंना भेटलो. पूर्वी बैलबाजारात दलाल होते, आमच्या बाबांचे जोडीदार. आता गाड्यांची दलाली करतात. व्हॅन म्हटल्यावर तोंड असं केलं की जणू मी म्हातारी म्हैस मागितली.

"सर, व्हॅन मत लेव. बेचनेकू निकाले तो लोगां बोलते, इस्कूल के बच्चे ढोये इसमें. कोई हात नै लगाता. छोटी लेव, सफेद. सुबह बोर्ड लगाये, शाम को गई."

म्हटलं, मला विकायची नाही, घ्यायची आहे. हसले. "आपके बाबा क्या बोलते थे, भूल गए?"

विसरेन कसा. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या बैल. बाबा बैल घ्यायला निघायचे तेव्हा तो कोणत्या बाजारात विकायचा ते आधी ठरलेलं असायचं. "घेतानाच पुढचा दिसला पाहिजे. न्हाई तर बैल गळ्यात पडते." पुढचा म्हणजे पुढचं गिऱ्हाईक. एकदा एक तांबडा खोंड त्यांना फार आवडला होता. हात फिरवत राहिले त्याच्या पाठीवर. घेतला नाही. पाठीवरचा केसांचा भोवरा वाईट जागी होता, पुढच्यानं नाक मुरडलं असतं. बाजारातून निघताना दोनदा मागं वळून बघितलं त्यांनी.

१ मार्च
स्टाफरूम, शेजारी, बँकेतला शिपाई, न्हावी. सगळ्यांचं एकमत: छोटी आणि पांढरी. आत कोण बसणार, हे एकानंही विचारलं नाही. पुढं कोण घेणार, एवढंच. मीही नाही विचारलं. मान हलवत होतो.

६ मार्च
छोटी नोंदवली. पांढरी.

क.ला समजावून सांगितलं, अगदी फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं. तीन वर्षं ही वापरायची, जपायची, मग चांगल्या भावात काढायची आणि नवीकोरी व्हॅन. आत्ताच व्हॅन घेतली तर ती जन्मभर गळ्यात. तीन वर्षांचा तर प्रश्न आहे.

"बरं," म्हणाली. मग म्हणे, "रंग तरी निळा घ्या. पांढरी मळते."
"पुढच्याला पांढरी लागते."
"कोण पुढचा?"
"आपल्याकडून घेईल तो."
"नाव काय त्याचं?"
हसली. मीही हसलो. हुशार बाई आहे, सातवीपर्यंतच शिकवली, नाहीतर माझ्यापेक्षा वर गेली असती.

२० एप्रिल
गाडी आली. नारळ, लिंबं, हळदकुंकू. पासिंग परभणीचं. हिंगोली जिल्हा होणार होणार म्हणतात, पण नव्या जिल्ह्याच्या नंबरला बाजारात पत नसते म्हणे. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही, ही बशीरभाईंची ताकीद. मागं देवाचं नाव लिहून घ्यायचं मनात होतं. नको म्हणाले. पुढचा दुसऱ्या देवाचा असला तर?

२५ एप्रिल
तांड्यावर जाऊन आलो. कसे गेलो ते लिहितो.

क. मागच्या सीटवर आडवी. पाठ एका दाराला, पाय सीटवर लांब. दुसरी सोयच नाही. खाली प्लास्टिक, वर तिचं नवं पातळ, त्यामुळं ब्रेक दाबला की घसरून खाली. एकदा नाही, चार वेळा. पुसेगावला थांबून पाणी पाजलं. घामानं ओली झाली होती. "चला तुमी, थांबू नका," एवढंच म्हणाली.

पुसेगावच्या पुढं कच्चा रस्ता. पहिलाच दगड खालून लागला, खट्ट. बशीरभाई गाडी बघताना आधी खाली वाकतात. खाली घासलेली दिसली की हातातला भाव गेला. मी गाडी बाभळीखाली उभी केली. मेव्हण्याला, गुलाबला निरोप धाडला. तो बैलगाडी घेऊन आला. गवत अंथरून त्यावर क.ला निजवली, आणि नवीकोरी गाडी कुलूप लावून रस्त्यात सोडून आम्ही बैलगाडीनं माहेरी गेलो. मी मागून चालत. तांड्यावरची पोरं विचारत होती, "मोटार कुठं हाय?"

याडीनं हातांनी चाचपून पाय पाहिला. गुडघ्यापासून टाचेपर्यंत, पुन्हा वर. लेकीचा पाय मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसली. मी बाहेर गुलाबशी गाडीच्या ॲव्हरेजबद्दल बोलत होतो.

२ सप्टेंबर
तांड्यावर तीज. पोरी टोपल्यांत पेरून वाढवलेले गहू उद्या पाण्यात शिरवणार. लग्नाआधी क. त्या पोरींच्या पुढं असायची, गाणी तिची. जायचं का म्हणाली. चिखल आहे म्हटलं. पाऊस खरंच होता. पण चिखल गाडीला लागणार होता, तिला नाही, हेही खरं.

दिवसभर स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत होती. मी गेलो की बंद.

११ नोव्हेंबर २०००
दिवाळीनंतर एकदा नेऊन आणली. पुन्हा तेच, बाभूळ आणि बैलगाडी. परत आल्यावर तीन दिवस गुडघा सुजलेला. "आता व्हॅन आल्यावरच जाऊ," म्हणाली ती. चिडून नव्हे, साधंच म्हणाली.

गाडीला कापडी खोळ शिवून घेतली. शेजाऱ्यांची तारीफ: "सर, दीड वर्षाची वाटतच न्हाई."

मार्च २००२ (तारीख बघितली नाही)
तीन वर्षं भरत आली. शब्दाला जागून बशीरभाईंकडं गेलो. अभी मत निकालो, म्हणाले. डिझेलचं नवं मॉडेल आलंय, सगळे तिकडं धावतायत, भाव बसलाय. दिवाळीपर्यंत थांबा.

क.ला सांगितलं. "बरं." तिचं हे बरं आता मला ऐकवत नाही.

४ डिसेंबर २००२
दिवाळी गेली. आता म्हणे लग्नसराईपर्यंत थांबा.

१९ जून २००३
लग्नसराईही गेली. भाव आणखी खाली. बशीरभाई म्हणाले, सर, गाडी इतनी कम चली है, घाई काहून करता? गाडी कमी चालली आहे, हे खरं. शाळेत मी अजून सायकलनं जातो. बाजारात सायकलनं. दवाखान्यात क.ला रिक्षानं नेतो, खोटं कशाला लिहू. चार वर्षं मी एका अनोळखी माणसाची गाडी सांभाळतो आहे. त्याच्यासाठी धुतो, त्याच्यासाठी पुसतो. त्याला काय आवडेल हे मला पाठ आहे. क.ला काय आवडतं, विचारलं तर दोन गोष्टी सांगता येतील, तिसरी नाही.

हे कळतं तरी करत राहतो. बाबांना तरी बैलाच्या चाऱ्याची अडचण होती. मला कसली आहे?

२७ ऑगस्ट २००४
गिऱ्हाईक लागलं. कनेरगाव नाक्यावर ढाबा आहे त्याचा, पोराच्या लग्नात द्यायची आहे. उद्या सकाळी अकराला बघायला येणार. बशीरभाईंचा निरोप: "गाडी धो के रखो. बाहर मत निकालो, कीचड लगेगा." खोळ काढून सगळं धुतलं. टायरला काळं लावलं. क. दारात बसून बघत होती. म्हटलं, झालंच आता, महिन्याभरात तुझी व्हॅन.

२८ ऑगस्ट
सकाळी आठला पुसेगावच्या बूथवरून गुलाबचा फोन. "दाजी, याडीनं दोन दिस झाले काय खाल्लं न्हाई. कमलबाईचं नाव घेऊन राहिली. आजच घेऊन या."

क.नं पिशवी भरली. लुगडं बदलून दारातल्या खुर्चीवर बसली, पाय समोर सरळ. मी म्हटलं, अकराला माणूस येतो, तासाभरात बघून जाईल, लगेच निघू. दुपारी दोनला याडीपाशी असू.

तो आला चार वाजता. दीड तास बघितली. वाकून, उठून, दार लावून, दार उघडून. मग बशीरभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढला. जुनी रीत, बैलबाजारातली. रुमालाखाली हातात हात, बोटं दाबून भाव, बघणाऱ्याला काही कळत नाही. माझा हात बाबांच्या मरणानंतर पहिल्यांदा रुमालाखाली गेला. बोटांना सगळं आठवत होतं. फार चांगला भाव आला. इतका येईल असं बशीरभाईंनाही वाटलं नव्हतं, त्यांच्या भुवया दिसल्या मला. लाज वाटते लिहायला, पण त्या क्षणी अंगावर मूठभर मांस चढलं.

आता पुढचं.

तो माणूस म्हणाला, "सर, आज उशीर झाला. गाडी राहू द्या तुमच्याकडं, उद्या नेतो." त्यानं आपणहून म्हटलं. क. खुर्चीवरच होती, पिशवी मांडीवर. ऐकत होती. आणि मी म्हणालो, "न्हाई. विकलेलं जनावर एक रात्रही दावणीला ठेवत नसतात. आजच न्या."

बाबा म्हणायचे हे. विकलेला बैल रात्री दावणीला राहिला आणि त्याला काही झालं तर बोल विकणाऱ्यावर येतो, पुढचा भाव मोडतो. हात दिला की जनावर त्याचं. तोंडातून निघून गेलं. गेलं म्हणजे, मीच काढलं. एका रात्रीत पुसेगावच्या रस्त्यावर एखादा दगड लागला असता तर, हे डोक्यात होतं. सगळंच लिहायचं तर हेही.

गाडी गेली. क. म्हणाली, "आता?"
सकाळी सहाला जीप सांगतो म्हटलं. पुढच्या सीटवर एकटी बस, ऐसपैस. जीपवाल्याला लगेच सांगून आलो. एका रात्रीनं काय होतं.

२९ ऑगस्ट
याडी पहाटे गेली. जीप दारात आली आणि फोन वाजला.

११ सप्टेंबर
तेरावं झालं. तांड्यावर तेरा दिवस. क. रडली नाही माझ्यासमोर. बायकांत असेल रडली. गुलाबनं सांगितलं, याडी रात्रभर दर थोड्या वेळानं विचारत होती, मोटार वाजली का? तिनं आमच्या मोटारीचा आवाज कधी ऐकलाच नव्हता, मी ती बाभळीपाशीच ठेवायचो. हे गुलाब म्हणाला नाही. मी म्हणतो.

मांडवात लोक बसलेले. एक पाहुणा सरकत जवळ आला, हळूच विचारलं, "गुरुजी, गाडी लई भारी गेली म्हंतेत. कितीला?" मी सांगितलं. हो, सांगितलं. त्यानं वाहवा केली. मान वर केली तर क. बायकांतून माझ्याकडं बघत होती.

१४ फेब्रुवारी २००५
व्हॅन घेतली. बशीरभाईंना विचारलं नाही, रंग कुणाला विचारला नाही. निळी. सीटचं प्लास्टिक शोरूममध्येच फाडून काढलं, तिथला पोरगा बघत राहिला. दारात आणून सरकतं दार उघडलं, क.ला हाक मारली.

बाहेर आली. कुंकू लावलं, नारळ वाढवला. चाकाखाली लिंबू ठेवलं. सगळं नीट केलं. मग आत गेली.

"बस तरी एकदा."
"भाजी लागून राहिली चुलीवर."

३० एप्रिल
बसत नाही. भांडतही नाही. जेवायला वाढते, औषधाची आठवण करते, शाळेचं विचारते. दवाखान्याला रिक्षा बोलावते. मी व्हॅन काढून उभा राहिलो एकदा, ती रिक्षात चढली, पाय बाहेर काढून. रिक्षावाला माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं.

एकदा विचारलं, काहून असं करती? म्हणाली, "कसं?"

माफी मागितली का मी? मागितली. दोनदा. "तुमी काय मुद्दाम केलं का?" म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर
बशीरभाई आले होते. व्हॅनभोवती फेरी मारली, सवयीनं खाली वाकले. "सर, क्या रखे हो गाडी! बिल्कुल चलीच नै. इसका भी अच्छा भाव आएगा." हाकलून देणार होतो. चहा पाजला.

ते गेल्यावर बघितलं तर मी फडकं घेऊन व्हॅन पुसत होतो. कधी घेतलं हातात, आठवत नाही. सुटका नाही या रोगातून. आमच्या रक्तातच विकणं आहे. ठेवून घ्यायचं कसं, ते कुणी शिकवलंच नाही.

१२ मार्च २००६
क. म्हणाली, होळीला तांड्यावर जाते. जाते म्हणाली. जाऊ नाही.

म्हटलं, सोडतो ना. तांड्याच्या मधोमध नेऊन उभी करतो, दगड लागू दे नाहीतर काही लागू दे. "बरं," म्हणाली. हे बरं त्या जुन्या बरंसारखंच होतं, पण मी वेडा, रात्रभर खूश.

१३ मार्च
सकाळी सातला व्हॅन दारात लावली. सीटवर उशी ठेवली पाठीला. सरकतं दार उघडलं.

क. पिशवी घेऊन बाहेर आली. व्हॅनच्या बाजूनं गेली, फाटकाबाहेर. तिथं रिक्षा उभी होती, कालच सांगून ठेवलेली असणार. मी नाव घेऊन हाक मारली. थांबली नाही. वेगानं जात होती असं नाही, तिला वेगानं जाताच येत नाही.

मी व्हॅन घेऊन मागं. बसस्टँडवर पोचलो तर पुसेगाववरून जाणारी सेनगावची बस लागलेली, सणाची गर्दी. ती पायरीपाशी उभी, एक हात दांडीला. नऊ वर्षांत एस.टी. चढली नव्हती. वरून दोन बायकांनी काखेत धरून ओढली, खालून कंडक्टरनं टेकू दिला. पाय दारात अडकला. ओठ चावलेले दिसले मला. मी दहा पावलांवर होतो. पुढं झालो नाही. आता कोणत्या तोंडानं हात देणार.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, एवढी तकलीफ कशाला करता? घरी गाडीबिडी न्हाई का?"

"हाय की," ती म्हणाली. "पण ती विकायची हाय."

त्यानं बेल मारली. एका बाईनं तिला खिडकीकडची जागा दिली, पाय मधल्या वाटेत लांब करून बसली ती. मला पाहिलं असणार, खिडकी माझ्याच बाजूला होती. पिशवी मोठी होती, होळीपुरती नव्हती. कधी येणार ते मी विचारलं नाही.

बस गेली. व्हॅनचं दार उघडंच राहिलं होतं, तसाच आलो होतो घरापासून. उशी रस्त्यात कुठंतरी पडली.